कागदावर २२, रस्त्यावर १४: सोलापुरात गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं कसं आणि पेट्रोल जातं कुठं ते शोधायचं कसं

"कंपनी बावीस सांगते, आपली तर चौदाच देते" ही तक्रार सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येते. गाडीत दोष असेलच असं नाही. पण बहुतेक जण आकडा नीट न काढताच गॅरेज गाठतात, आणि मग प्लग बदल, इंजेक्टर साफ कर, थ्रॉटल बॉडी धू असं एकेक करत चार-पाच हजार जातात. ॲव्हरेज जिथल्या तिथं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजणी, मग वापराची पद्धत, टायरची हवा, आणि सगळ्यात शेवटी मेकॅनिक. खालचं सगळं एक ते १.२ लिटर पेट्रोल इंजिनाच्या घरगुती हॅचबॅकसाठी आहे. छोट्या सेडानलाही ते जवळजवळ तसंच लागू पडतं.

कंपनीचा आकडा येतो कुठून

पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चक्रानुसार चालवतात. हे चक्र ११८० सेकंदांचं असतं. त्यात अंतर होतं साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर, सरासरी वेग ताशी ३२-३३, आणि कमाल वेग फक्त ९०. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, आडवी येणारी रिक्षा नाही. पेट्रोलही मापानं मोजत नाहीत, सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंमधल्या कार्बनवरून हिशेब काढतात.

आकडा खोटा नाही, पण तो दोन गाड्यांची तुलना करायला आहे. एक २२ वाली आणि दुसरी १८ वाली असेल, तर तुमच्या हातातही पहिली दुसरीपेक्षा जास्त देईल, एवढंच त्यातून समजतं. १.२ लिटरच्या, २२ छापलेल्या, धडधाकट गाडीकडून सोलापुरात साधारण असं धरून चाला: शहरात एसी लावून १२ ते १५, हायवेला ८०-९० च्या स्थिर वेगानं १८ ते २१, १०० च्या पुढे सतत राहिलात तर १५ ते १७. या पट्ट्यात असाल तर गाडीवर पैसे घालायची गरज नाही. खाली असाल तर पुढचं सगळं वाचा.

टाकी ते टाकी: मोजायची खरी पद्धत

डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून संगणकानं काढलेला अंदाज असतो. बऱ्याच गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा चढाच दाखवतो, पाच टक्क्यांचा फरक सर्रास असतो. कालच्यापेक्षा आज बरं की वाईट हे बघायला तो चांगला. हिशेबाला मात्र टाकीच भरावी लागते.

१. एक पंप ठरवा आणि त्या पंपावरचं एकच मशिन ठरवा. शक्यतो सपाट जागेवरचं. गाडी दर वेळी त्याच बाजूनं लावा. गाडी एका अंगाला कलली तर टाकीत हवेचा फुगा अडकतो आणि नोझल लवकर बंद पडतं.

२. "फुल्ल करा, ऑटो-कट झालं की थांबा" असं पंपावरच्या माणसाला आधीच सांगा. नोझल एकदा कट झालं की विषय संपला. रक्कम गोल करण्यासाठी वरून थेंब-थेंब टाकू देऊ नका. त्यानं मोजणी तर बिघडतेच, शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, जाऊ शकतं. तो डबा एकदा भिजला की गाडी गरम असताना स्टार्टिंगला त्रास देते, आणि डबा स्वस्त नसतो.

३. ट्रिप मीटर शून्य करा, आणि ओडोमीटरचा, म्हणजे गाडीनं आजवर कापलेल्या एकूण किलोमीटरचा, आकडाही पावतीच्या मागं लिहा. ट्रिप मीटर घरातली पोरं कधी शून्य करतील याचा नेम नसतो.

४. नेहमीसारखी गाडी चालवा. "मोजतोय म्हणून जपून" असं करायचं नाही. नाहीतर तुमच्या पायाची परीक्षा होईल, गाडीची नाही.

५. टाकी पाव भागावर आली की त्याच पंपावर, त्याच मशिनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर.

पाव टाकीपर्यंत थांबायचं कारण साधं आहे. नोझल कट होण्यात अर्धा ते एक लिटर इकडे-तिकडे होतंच. तुम्ही दहा लिटर भरलं असेल तर एवढ्यानंच आकडा दहा टक्क्यांपर्यंत हलतो. तीस लिटर भरलं तर तोच फरक तीन टक्क्यांवर येतो. तीन टाक्यांची बेरीज घेतली तर एका टक्क्याच्या आसपास. म्हणून "पाचशेचं टाकलं, दोन दिवस चाललं" हा हिशेब ॲव्हरेज म्हणून धरू नये.

तीन टाक्या झाल्यावर तीन ॲव्हरेजची सरासरी काढू नका. एकूण किलोमीटरला एकूण लिटरनं भागा. समजा २०० किमी शहरात १२ नं गेले आणि २०० किमी हायवेला २० नं. सरासरी १६ वाटते, पण पेट्रोल लागलं १६.६७ अधिक १० म्हणजे २६.६७ लिटर. खरं ॲव्हरेज १५.

पंपाबद्दल दोन गोष्टी. स्विफ्ट, बलेनो, आय-२०, अल्ट्रोझ या सगळ्यांची टाकी ३७ लिटरची सांगतात. कधीतरी ३९-४० लिटर मावलं की लोक पंपावर भांडतात. छापलेल्या क्षमतेत वरची वाफेसाठी सोडलेली जागा आणि भरायची नळी धरलेली नसते, त्यामुळं गळ्यापर्यंत भरलं की तेवढं जाऊ शकतं. खरोखर शंका असेल तर पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढचा नाही.

दुसरं, "पहाटे भरलं की पेट्रोल जास्त येतं." पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. वर ४३ अंश असले तरी खालचं पेट्रोल दिवसभरात फारसं तापत नाही. त्यासाठी झोपमोड करू नका.

ओडोमीटरवर किती विश्वास ठेवायचा

स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा नियम असल्यामुळं कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. ओडोमीटर त्यापेक्षा बरा, पण एक ते तीन टक्के फरक असतोच. तपासणी सोपी आहे: पुणे रोडला बाळे सोडलं की मोबाइलवर जीपीएसनं अंतर नोंदवणारं एखादं ॲप लावा, तीस-चाळीस किलोमीटर जा, दोन्ही आकडे ताडून बघा. जीपीएस ४० दाखवतंय आणि गाडी ४१, तर तुमचा गुणक ४० भागिले ४१, म्हणजे ०.९७६. इथून पुढं प्रत्येक ॲव्हरेजला यानं गुणा. १६.७ आलं असेल तर खरं १६.३.

हा गुणक टायरबरोबर बदलतो, आणि इथंच बरेच जण फसतात. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी. नव्या टायरची खाच साधारण आठ मिमी, कायद्यानं चालणारी शेवटची १.६. म्हणजे टायर झिजेपर्यंत व्यास तेरा मिमीनं, दोन टक्क्यांनी, कमी होतो. छोटं चाक जास्त फेरे मारतं आणि ओडोमीटर जास्त किलोमीटर मोजतो. मग नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज "पडतं". त्यातले दोन टक्के निव्वळ मोजणीचे. शिवाय नव्या, जाड रबराला लोळायला थोडी जास्त ताकद लागते. टायरवाल्यानं १९५/६५ बसवून दिले तर व्यास आणखी दोन टक्के वाढतो आणि ओडोमीटर उलट कमी मोजायला लागतो. टायर बदलले की गुणक पुन्हा काढा.

शहर वेगळं, हायवे वेगळा

दोन्हींचा एकच आकडा काढून काही समजत नाही. निदान एक पूर्ण टाकी फक्त शहरात जाळा आणि एक फेरी फक्त हायवेला करा.

हायवेसाठी पुणे रोड सोयीचा: चौपदरी, बऱ्यापैकी सपाट. बाळ्याच्या पुढच्या पंपावर भरा, सावळेश्वर टोल, मोहोळ करत मोडनिंबपर्यंत जा आणि परत त्याच पंपावर भरा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. अंतर कमी असल्यामुळं कटचा फरक इथं मोठा पडतो, तेव्हा असे दोन-तीन फेरे एकत्र धरा. टेंभुर्णी-इंदापूरकडं काम निघालं तर आणखी बरं. ऊस गाळपाच्या हंगामात मोजू नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, दर काही मिनिटांनी ब्रेक, तिसरा गिअर, ओव्हरटेक. आकडा हायवेचा राहतच नाही.

जाऊन-येऊन मोजायचं मुख्य कारण वारा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून सणसणीत वारा असतो. पुण्याकडं जाताना तो बऱ्यापैकी तोंडावर, येताना पाठीवर. ८० नं जाताय आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, म्हणजे गाडीला १०० च्या वेगाचा वारा लागतो, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढत असल्यामुळं तो दीडपटीच्या वर जातो. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, पुणे साडेपाचशेच्या पुढे. पावसाळ्यात पुण्याला जाताना १६ आणि येताना १९ आलं तर दोन्ही बरोबर. "पुण्याचं पेट्रोल चांगलं" हा निष्कर्ष काढायची गरज नाही.

तुळजापूर रोड चाचणीला घेऊ नका, घाट मध्ये येतो. पण घाट उतरताना काय करायचं ते सांगायलाच हवं, कारण तिथं गाडी न्यूट्रल करून सोडणारे अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल पुन्हा सुरू होतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणं जास्त खर्चाचं, वर ब्रेक तापतात ते वेगळं. इंजिन बंद करून उतरणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

एसी आणि सोलापूरचं ऊन

इथल्या उन्हाळ्यात एसी बंद ठेवा असं कुणी सांगत असेल तर त्याला दुपारी दोनला पार्क चौकात उभं करावं. एसी लावायचाच. पण त्याचा खर्च कसा पडतो ते माहीत हवं.

हायवेला ८० च्या वेगानं एसी पाच ते दहा टक्के खातो. शहरात, कडक उन्हात, पंधरा ते पंचवीस टक्के. हायवेला इंजिन तसंही जोरात काम करत असतं, त्यात कॉम्प्रेसरचा वाटा छोटा. शहरात गाडी ताशी वीसनं जात असते, पण कॉम्प्रेसरचं ओझं तेवढंच असतं. उभ्या गाडीत एसीशिवाय इंजिन तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पितं, एसी लावून एक ते सव्वा लिटर. शाळा सुटायची वाट बघत वीस मिनिटं एसी लावून उभं राहिलात तर अंदाजे ३५० ते ४०० मिली जातं. शहरातले पाच किलोमीटर जागेवरच गेले. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर रोजचे चाळीसेक रुपये.

पहिली दहा मिनिटं सगळ्यात महाग. उन्हात काळा डॅशबोर्ड भाजेल इतका तापतो आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. तेव्हा:

चारही काचा खाली घ्या, पंखा पूर्ण, एसी अजून बंद, आणि शे-दोनशे मीटर जा. आतली भाजकी हवा बाहेर पडते. मग काचा वर, एसी चालू, आणि रिसर्क्युलेशन चालू, म्हणजे बाहेरची ४२ अंशांची हवा थंड करत बसण्यापेक्षा आतलीच हवा पुन्हा फिरते. लांबच्या प्रवासात अर्ध्या-पाऊण तासानं दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या, नाहीतर झोप येते.

ऑटोमॅटिक एसीला २४-२५ ठेवा. गोल बटणाच्या साध्या एसीत मात्र एक गोम आहे. अनेक गाड्यांत ते बटण निळ्यावरून लालकडं फिरवलं की कॉम्प्रेसर कमी चालत नाही. थंड केलेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळली जाते. आधी पेट्रोल जाळून थंड करायचं, मग गरम करायचं. अशा गाडीत बटण निळ्यावरच राहू द्या आणि थंडी वाजली तर पंखा कमी करा.

सावली शोधून गाडी लावणं, पुढच्या काचेला चंदेरी पडदा, आणि कंडेन्सर साफ ठेवणं, ही तिन्ही कामं फुकटात किंवा फार स्वस्तात होतात. कंडेन्सर म्हणजे पुढच्या जाळीमागची बारीक पत्र्यांची पेटी. तिच्यात धूळ, किडे, पाचटाचे तुकडे अडकून बसतात. मग गॅस थंड व्हायला वेळ लागतो, फॅन सतत फिरतो आणि कॉम्प्रेसर कट होत नाही. मार्चअखेर समोरून कमी दाबाच्या पाण्यानं धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्र्या वाकतात आणि होतं ते बिघडतं.

छोट्या फेऱ्या

सात रस्त्यावरून नवी पेठ, परत घर, तासाभरानं पुन्हा टिळक चौक. इंजिन थंड असताना संगणक जास्त पेट्रोल सोडतो, तेल दाट असतं, आणि हे सगळं सुरळीत व्हायला तीन-चार किलोमीटर लागतात. आपल्याकडच्या हवेत थंडीच्या प्रदेशाएवढा तोटा होत नाही, तरी दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ९-१० चं ॲव्हरेज आलं तर गाडी बिघडली असं समजू नका. एकाच फेरीत चार कामं उरका. सगळ्यात लांबचं काम आधी, म्हणजे इंजिन एकदा तापलं की मधल्या छोट्या थांब्यांचा खर्च कमी पडतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी नेऊच नका. ॲव्हरेजसाठी नव्हे, डोक्यासाठी.

सकाळी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून "तापवायची" गरज नाही. अर्ध्या मिनिटात निघा, पहिला किलोमीटर हळू जा. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद केलेलं परवडतं, पण बॅटरी जुनी असेल तर सोडून द्या.

गिअरचं थोडक्यात: साधं पेट्रोल इंजिन २००० ते २५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये घाला. पण तीसच्या वेगाला चौथा टाकून गाडी थरथरवत नेणं ही बचत नाही. तसं इंजिन गुदमरतं, तुम्ही पाय जास्त दाबता, आणि क्लच-माउंटिंगची वाट लागते. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय सोडा.

टायरची हवा

इथं सोलापूरकरांची एक ठरलेली चूक होते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर हवेचा दाब समजा ३३ पीएसआय लिहिलाय. हा आकडा थंड टायरचा आहे: गाडी तीन-चार तास सावलीत उभी किंवा जेमतेम दोन किलोमीटर चाललेली. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयनं वाढतो. मे महिन्यात दुपारी, तापलेल्या डांबरावरून दहा किलोमीटर चालून आलेल्या टायरमधली हवा साठ अंशांच्या घरात असते. त्या वेळी पंपावर ३३ भरून घेतलं की दुसऱ्या दिवशी पहाटे, २६ अंशांना, तोच टायर २७ वर असतो. महिनाभर तुम्ही २७ वर फिरता आणि म्हणता की हवा तर परवाच भरली.

गरम टायरमध्ये ३७-३८ दिसलं म्हणून हवा सोडणारे त्याहून वाईट करतात.

उपाय: स्वतःचं डिजिटल गेज घ्या. पंपावरचं गेज दिवसभर आपटलेलं असतं, दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो. पहाटे घरीच मोजा. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागणारा छोटा कॉम्प्रेसर असेल तर तिथंच भरा. नसेल तर किती कमी आहे ते लिहा, पंपावर जा, आणि तिथलं गेज जे दाखवेल त्यात तेवढी भर घालून घ्या. सकाळी ३ कमी होती आणि पंपावर टायर ३२ दाखवतोय, तर ३५ भरा. ऑक्टोबर सरून डिसेंबर आला की सकाळचं तापमान उतरतं आणि हवा आपोआप दोन पीएसआय कमी होते. तेव्हा पुन्हा एकदा बघायचं. नायट्रोजनलाही उष्णतेचा हाच नियम लागतो. फुकट मिळाला तर घ्या.

चारही चाकांत एक पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्यानं घसरतं. म्हणजे सहा कमी असतील तर एक-सव्वा टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं, आणि पेट्रोलपुरतं बोलायचं तर ते किरकोळच आहे. खरा तोटा टायरच्या कडा झिजण्यात, आणि उन्हाळ्यात कमी हवेचा टायर वेगात फुटण्यात आहे.

वेग, वजन, कॅरिअर

८० वरून १०० वर गेलं की हवेचा अडथळा ५६ टक्के वाढतो. एकूण पेट्रोल पंधरा-वीस टक्के जास्त जातं, कारण टायरचा अडथळा फारसा वाढत नाही. पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरला वेळ वाचतो अर्धा-पाऊण तास, पेट्रोल जास्त लागतं दोन-अडीच लिटर. कुणाला हा सौदा परवडेल, कुणाला नाही. डिकीतलं पन्नास किलोचं अडगळीचं ओझं एक टक्का खातं. छतावरचं कॅरिअर त्याहून कितीतरी जास्त, रिकामं असलं तरी. अक्कलकोट-पंढरपूरला बिऱ्हाड घेऊन जायचं तेव्हा लावा, आल्यावर काढा.

ई-२० पेट्रोल

आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं असतं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉल कशाचं होतं ते सांगायला नको. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळं शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या लिटरमध्ये साधारण पावणेसात टक्के, आणि ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलं आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत सहा-सात टक्के घट, ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाडीत एक-दोन टक्के.

म्हणून २०१८ ची गाडी पूर्वी १७ देत होती आणि आता १६ देते, तर तेवढ्यासाठी मेकॅनिक शोधू नका. १७ ची १३ झाली तर शोधा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल साध्या इंजिनात ॲव्हरेज वाढवत नाही. बाटलीतली "मायलेज बूस्टर" औषधं तर नाहीच नाही. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर इथेनॉल ओलावा ओढतं हे लक्षात ठेवा आणि टाकी जवळपास भरलेली ठेवा.

आता गाडीतला दोष

सगळं करूनही आकडा पट्ट्याच्या खाली असेल तर स्वस्तातल्या तपासणीपासून सुरुवात करा.

ब्रेक धरणं. सगळ्यात जास्त सापडणारा आणि सगळ्यात कमी तपासला जाणारा दोष. हायवेला दहा-पंधरा किलोमीटर जा, शेवटी ब्रेक शक्यतो न लावता गाडी आपोआप थांबू द्या, आणि चारही रिमांजवळ हात न्या. चिकटवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा चिमटा, किंवा त्याच्या सरकत्या (स्लाइड) पिना जाम आहेत. मागच्या चाकांना हँडब्रेकची केबल घट्ट असते. सपाट जागेवर न्यूट्रल करून एकट्या माणसानं ढकलली तर छोटी गाडी हलली पाहिजे. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे तासाभराचं काम आहे.

थर्मोस्टॅट. "सोलापूरच्या उन्हात गाडी गरम होते" म्हणून काही गॅरेजात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, सरळ काढून टाकतात. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नाही आणि संगणक ते थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. ॲव्हरेज कमी, इंजिनाची झीज जास्त. गाडी खरंच गरम होत असेल तर फॅन, कूलंट, रेडिएटर बघायला हवा. तपासायला ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर पुरतो. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर कूलंट ८५-९५ अंशांच्या आसपास हवं. सत्तरवर रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

त्याच स्कॅनरवर "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" बघा, म्हणजे ठरलेल्या पेट्रोलात संगणक किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा. उणे-अधिक पाचपर्यंत ठीक. उणे दहाच्या खाली असेल तर कुठूनतरी जादा पेट्रोल येतंय आणि संगणक ते कापतोय: गळका इंजेक्टर, भिजलेला कॅनिस्टर. अधिक दहाच्या वर असेल तर बाहेरची हवा शिरतेय, इंधनाचा दाब कमी आहे किंवा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय. लाख किलोमीटरच्या पुढच्या गाडीत या सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण आकडा बघून, अंदाजानं नाही.

तेल. ०डब्ल्यू-२० हे पातळ तेल मागणाऱ्या इंजिनात "आपल्याकडं ऊन जास्त" म्हणून २०डब्ल्यू-५० हे दाट तेल ओतणारे आहेत. दाट तेल फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच.

एअर फिल्टर इंजेक्शनच्या गाडीत घाण झाला तर आधी ताकद कमी होते, ॲव्हरेज फारसं नाही. इथल्या धुळीत तो वेळेवर बदलायचा तो इंजिनासाठी. प्लग साधे निकेलचे असतील तर तीस-चाळीस हजार किलोमीटर, इरिडियम असतील तर लाखापर्यंत. अलाइनमेंट बिघडली असेल तर टायरवरून हात आडवा फिरवा: एका बाजूनं गुळगुळीत, उलट बाजूनं करवतीसारखा लागतो.

सीएनजी असेल तर

सीएनजीत "फुल्ल" हा शब्द सैल आहे. सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात, पण भरताना गॅस तापतो. दुपारच्या उन्हात आणि पंपाचा दाब कमी असताना सिलिंडरमध्ये कमी किलो बसतात. त्यामुळं एका भरण्यावरून काही ठरवू नका. निदान सात-आठ पावत्यांचे किलो आणि तेवढ्या काळातले किलोमीटर घ्या, आणि शक्यतो सकाळीच भरा. पेट्रोलवर चाललेले किलोमीटर वजा करा. गाडी स्टार्ट होताना पेट्रोलवर असते, छोट्या फेऱ्यांत हे बरंच होतं. किमी प्रति किलोची तुलना किमी प्रति लिटरशी थेट करू नका. एक किलो सीएनजीत साधारण १.४ लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, म्हणून आकडा मोठा दिसतो.

सर्व्हिसला देताना

"ॲव्हरेज कमी आहे" एवढंच सांगितलं तर जॉब कार्डवर "जनरल चेकअप" लिहिलं जातं आणि गाडी धुऊन परत येते. त्याऐवजी हे लिहून द्या: तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर, शहर की हायवे, एसी चालू की बंद, थंड टायरचा दाब, ओडोमीटरचा गुणक, स्कॅनरवरचं कूलंट तापमान आणि फ्युएल ट्रिम, कुठलं चाक गरम लागतं. सल्लागाराकडून या ओळी जॉब कार्डवर लिहून घ्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. काम झाल्यावर त्याच पंपावर, त्याच मशिनवर, पहिल्या कटपर्यंत भरा. पहिल्या टाकीचा आकडा सोडून द्या, कारण बॅटरी काढली असेल तर संगणकाची जुनी जुळवणी पुसलेली असते आणि ती पुन्हा बसायला थोडे किलोमीटर लागतात. दुसऱ्या टाकीपासून मोजा.